सह्याद्री आणि दहा मिनिटांची चूक

कोकणच्या किनाऱ्याकडे येणाऱ्या गलबतांना सह्याद्री हा जुना सोबती होता. समुद्रात दूर असतानाच त्याची शिखरे दिसू लागत आणि कोणत्या शिखराखाली कोणते बंदर, हे तांडेल नेमके ओळखी. हाच सह्याद्री पूर्वेकडून आणि आकाशातून ओलांडावयाचा, तोही आषाढातील काळोख्या रात्री, म्हटला म्हणजे मात्र तो वाटाड्या राहत नाही. त्या दिशेने येणाऱ्यास तो दिसतच नाही.

१९६२ सालच्या जुलै महिन्यात याचा फार दारुण प्रत्यय आला. अलितालिया या इटालियन कंपनीचे डीसी-८ जातीचे जेट विमान ऑस्ट्रेलियातील सिडनीहून निघून बँकॉकमार्गे मुंबईस येत होते. पुढे कराची, तेहरान आणि अखेर रोम असा त्याचा मार्ग होता. विमानात ८५ उतारू व ९ कर्मचारी होते. ७ जुलै रोजी, मध्यरात्र उलटून थोडाच वेळ झाला असता, ते सांताक्रूझच्या तळावर उतरण्यासाठी खाली येऊ लागले, आणि जुन्नरजवळ दावंड्याच्या डोंगरावर, सुमारे ३६०० फुटांवर, आदळले. ९४ जणांपैकी एकही वाचला नाही.

हे स्थळ मुंबईच्या ईशान्येस सुमारे ८४ किलोमीटरांवर आहे. उतरणीस लागलेले जेट विमान मिनिटास आठ किलोमीटर वेगाने चालले आहे असे धरले, तर हे अंतर अवघ्या दहा-अकरा मिनिटांचे होते. बँकॉकपासून तीन तासांहून अधिक उड्डाण झाल्यावर दहा मिनिटांचा फरक तो काय, असे कोणासही वाटेल. परंतु जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटापाशी दख्खनचे पठार एकदम तुटते आणि खाली कोकणची सखल भूमी लागते. त्या कड्याच्या पलीकडे जी उंची निर्धोक, तीच अलीकडे प्राणघातक. सांताक्रूझचा तळ समुद्रसपाटीहून जेमतेम चाळीस फूट उंच आहे. जुन्नर गाव मात्र दोन हजार फुटांच्याही वर वसलेले, आणि भोवतालचे डोंगर त्याहून हजार-दीड हजार फूट चढे.

येथे उंचीमापकाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. हे यंत्र हवेचा दाब मोजते आणि त्यावरून समुद्रसपाटीपासूनची उंची दाखविते. पोटाखालची जमीन किती जवळ आली, हे त्यास ठाऊक नसते. ते अगदी बिनचूक चालत असले, तरी आपण कोठे आहोत हे वैमानिकास कळल्याखेरीज त्या आकड्यास अर्थ येत नाही. यासाठीच प्रत्येक मार्गावर एक किमान सुरक्षित उंची ठरवून दिलेली असते.

चौकशीचा निष्कर्ष याच दिशेचा होता. दिशा व अंतर यांच्या हिशेबात चूक झाली. आपण मुंबईच्या पुष्कळ जवळ आलो, असे वैमानिकास वाटले, आणि सरळ धावपट्टीवर उतरण्याच्या हेतूने त्याने विमान वेळेआधीच खाली आणले. आपले खरे स्थान पडताळण्याची जी साधने उपलब्ध होती त्यांचा उपयोग झाला नाही, किमान उंचीची मर्यादा मोडली गेली, आणि त्या प्रदेशाची वैमानिकास माहिती नव्हती, असेही नमूद झाले. यातील शेवटचे कारण सर्वांत कमी चर्चिले गेले, पण तेच अधिक विचार करण्याजोगे आहे. शिवनेरीच्या पायथ्याचा शेतकरी जे डोंगर नावानिशी सांगेल, ते रोमच्या वैमानिकास नकाशावरील एका आकड्याहून अधिक काय असणार?

मुंबईने असा प्रसंग पूर्वीही पाहिला होता. १२ जुलै १९४९ रोजी, असाच पावसाळा असताना, के. एल. एम. कंपनीचे ‘फ्रानेकर’ हे विमान घाटकोपरच्या टेकडीवर आदळले व ४५ जण मरण पावले. त्यांत इंडोनेशियाचा दौरा आटोपून परतणारे तेरा अमेरिकन पत्रकार होते. ती टेकडी तर विमानतळाच्या अगदी शेजारची!

जमिनीची पूर्वसूचना देणारे यंत्र पुढे डॉनल्ड बेटमन या कॅनडात जन्मलेल्या अभियंत्याने सिद्ध केले. तरी ते सक्तीचे होण्यास आणखी एक आघात व्हावा लागला. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, वॉशिंग्टनजवळ उतरू पाहणारे एक विमान डोंगरावर आदळून ९२ जण दगावले. नियंत्रकाच्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी एक घेतला, नियंत्रकाच्या मनात दुसराच होता. त्यानंतर अमेरिकेने मोठ्या प्रवासी जेट विमानांत हे यंत्र बसविणे भाग पाडले. आरंभीचे यंत्र केवळ खालची जमीन पाही, समोरचा कडा त्यास दिसत नसे. १९९० नंतरच्या दशकात त्यात भूपृष्ठाचा संपूर्ण नकाशाच भरण्यात आला. दावंड्यासारखा डोंगर आता त्या पडद्यावर आधीच लाल रंगात उभा राहतो.

गोमंतकात डिचोली तालुक्यातील सर्वण गावच्या पूर्वेसही याच सह्याद्रीची रांग आहे. पेडण्यातील मोपाच्या पठारावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. हैदराबाद किंवा बंगळूरहून तेथे येणाऱ्या विमानांना हा घाटमाथा ओलांडावाच लागतो. पावसाळ्यात ढग दाटले की वैमानिकास खाली ना घाट दिसतो, ना कोकण. माथा मागे पडल्याची खात्री यंत्रांवरून पटेपर्यंत त्यास ठरलेली उंची सोडता येत नाही.