बोटावरचा आकडा

21 एप्रिल 2021, सकाळ. रामनवमी, पण निर्बंधांमुळे नाशिकच्या काळाराम मंदिराची दारं भाविकांना बंद. महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात दीडशेच्या आसपास कोरोनारुग्ण, बहुतेक ऑक्सिजनवर. त्या दिवसांत नातेवाईक एकमेकांना तब्येत विचारत नसत, "सॅच्युरेशन किती?" एवढंच विचारत. बोटाला लावलेला चिमटा, म्हणजे ऑक्सिमीटर, लाल आणि अवरक्त प्रकाशाच्या आधारे रक्तातल्या ऑक्सिजनच्या प्रमाणाचा, म्हणजेच सॅच्युरेशनचा, अंदाज घेतो. त्याचं मूळ तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी 1970च्या दशकात शोधलं. कोरोनाने ते यंत्र घरोघर नेलं.

दहाच्या सुमारास. आवारातली 13 किलोलिटरची ऑक्सिजनची टाकी भरायला टँकर आलेला. टाकी बसून महिनाही झाला नव्हता. आत उणे 183 अंश सेल्सिअसला उकळणारा द्रव ऑक्सिजन. एका लिटरचा साडेआठशे लिटरच्या आसपास वायू होतो. गळतीला दार मिळालं तर काय सुटेल, ते यावरून समजावं.

दुपारी बारानंतर, रामजन्माची वेळ टळताना. गळती सुरू. आवारात पांढरं धुकं दाटलं. अग्निशमन दलाचे जवान पाणी मारत होते. वर वॉर्डात ऑक्सिजनचा दाब घसरला.

पुढचा अर्धा तास. इथे ऑक्सिमीटरचं दुबळेपण सांगायलाच हवं. फुप्फुसातलं रक्त बोटापर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून आकडा थोडा मागेच असतो. शिवाय आजारी फुप्फुसात ऑक्सिजनची शिल्लक फारशी नसतेच. नव्वदचा आकडा भराभर उतरतो. यंत्र ओरडू शकतं, प्राणवायू देऊ शकत नाही. नातेवाईक सिलिंडरसाठी धावत होते. जो मिळाला तो कोणाला लावायचा, हे ठरवायला कोणतंच यंत्र नव्हतं. माझ्या मते या घटनेतला सगळ्यात भीषण क्षण धुक्याचा नाही, हा आहे.

दुपार. गळती थांबली, पुरवठा पुन्हा सुरू झाला. बोटांवरचे काही आकडे वर चढले.

संध्याकाळ. मृतांची संख्या 22. नंतर ती 24 झाली. वारसांना राज्य सरकारची पाच लाखांची मदत जाहीर झाली. विभागीय आयुक्त राधाकृष्ण गमे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली.

भद्रकाली पोलीस ठाण्यात निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला गेला. आरोपीच्या रकान्यात: अज्ञात.