इंग्लंडच्या काउंटीचा खर्च : पैसा देणारे आणि निर्णय घेणारे

इंग्लंडमधील ग्रामीण कारभाराच्या इतिहासात इ. स. १८८८ च्या ‘लोकल गव्हर्नमेंट अ‍ॅक्ट’ला लोकसत्तेच्या आरंभाचा मान दिला जातो. तो सर्वस्वी अयोग्य नाही. परंतु स्थानिक सत्तेची खरी परीक्षा निवडणुकीच्या नियमांत होत नसून सेवक किती नेमावयाचे, इमारती कोणत्या बांधावयाच्या आणि त्यांचा भार कोणी सोसावयाचा, या तीन प्रश्नांच्या निर्णयात होत असते. ही कसोटी लावली म्हणजे १८८८ च्या सुधारणेचे स्वरूप काहीसे निराळे दिसू लागते.

त्यापूर्वी काउंटीचा कारभार ‘जस्टिस ऑफ द पीस’ या पदावरील जमीनदारवर्गाकडे असे. राजाच्या नावाने नेमलेली ही मंडळी वर्षातून चार वेळा ‘क्वार्टर सेशन्स’मध्ये जमत. तेथेच फौजदारी खटले चालत आणि तेथेच पूल, तुरुंग व न्यायमंदिरे यांच्या खर्चाला मंजुरी मिळे. १७३९ च्या कायद्याने निरनिराळ्या कामांसाठीच्या वेगवेगळ्या पट्ट्या रद्द होऊन काउंटीची एकच सर्वसाधारण पट्टी ठरविण्यात आली व ती जमा करण्यासाठी खजिनदार नेमण्याची तरतूद झाली. ही पट्टी पॅरिशमधील गरिबांसाठीच्या पट्टीतून वसूल होई. तिचा प्रत्यक्ष भार जमीन कसणाऱ्या कुळावर पडे. कूळ पैसा देई, निर्णय मात्र जमीनदार घेई. १८३६ साली जोसेफ ह्यूम यांनी काउंटीसाठी निर्वाचित मंडळे असावीत असे विधेयक पार्लमेंटपुढे मांडले. ते फेटाळले गेले.

तथापि या जस्टिसांची सत्ता कमी झाली ती मतदारांमुळे नव्हे, तर लंडनमुळे. पोलिसांचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. १८३९ च्या कायद्याने काउंटीला पगारी पोलिसदल उभारण्याची मुभा दिली, सक्ती केली नाही. दर हजार लोकसंख्येस एकाहून अधिक शिपाई नसावा, अशी मर्यादाही घातली. पट्टी वाढेल या भयाने अनेक काउंट्यांनी हे दल उभारलेच नाही. १८५६ च्या कायद्याने ती मुभा संपुष्टात आणून दल सर्वत्र सक्तीचे केले. आणि सरकारी निरीक्षकाने दल कार्यक्षम असल्याचा दाखला दिल्यास पगार व गणवेश यांचा एक चतुर्थांश खर्च सरकारी तिजोरीतून देण्याचे ठरविले. १८७४ मध्ये हा वाटा निम्म्यावर नेण्यात आला. शिपायांची संख्या ठरविण्याचा अधिकार कागदोपत्री काउंटीकडेच राहिला; पण अपुऱ्या संख्येमुळे दाखला नाकारला गेला तर अनुदान बुडे. आज्ञेपेक्षा अनुदान अधिक प्रभावी ठरले.

वेड्यांच्या इस्पितळांचा इतिहासही याच वळणाचा आहे. १८०८ मध्ये अशी इस्पितळे बांधणे ऐच्छिक होते. १८४५ मध्ये ते बंधनकारक झाले. १८७४ पासून इस्पितळातील प्रत्येक निर्धन रुग्णामागे आठवड्यास चार शिलिंग सरकारी साहाय्य मिळू लागले. साहजिकच अशा रुग्णांना दरिद्रगृहात ठेवण्यापेक्षा काउंटीच्या इस्पितळात धाडणे दरिद्रगृहांच्या चालकांना परवडू लागले, आणि काउंटीवर नव्या जागेचा तगादा लागला. तुरुंग तर काउंटीच्या हातून पूर्णपणे गेले : १८७७ च्या कायद्यान्वये १ एप्रिल १८७८ पासून ते मध्यवर्ती सरकारच्या ताब्यात आले.

या पार्श्वभूमीवर सॉल्सबरी यांच्या मंत्रिमंडळातील रिची यांनी १८८८ चे विधेयक आणले. जानेवारी १८८९ मध्ये निवडणुका झाल्या. पूल, मुख्य रस्ते व इस्पितळे निर्वाचित कौन्सिलांकडे आली. परंतु पोलिसांचा कारभार कौन्सिलकडे न देता निम्मे जस्टिस व निम्मे कौन्सिलर अशा संयुक्त स्थायी समितीकडे सोपविण्यात आला. आणि ही समिती जो खर्च आवश्यक ठरवील तो कौन्सिलने दिलाच पाहिजे, असे बंधन घालण्यात आले. म्हणजे पैसा उभारणारे मंडळ निर्वाचित झाले, तरी पोलिसांच्या खर्चाचा निर्णय एकट्या निर्वाचितांच्या हाती आला नाही. ही व्यवस्था १९६४ च्या पोलीस कायद्यापर्यंत टिकली. त्या कायद्यानेही नव्या समित्यांत एक तृतीयांश जागा जस्टिसांसाठी राखल्या. शिवाय १८८९ मध्ये निवडून आलेल्यांत जुने जस्टिसच पुष्कळ होते, हेही विसरता येत नाही.

या कालानुक्रमास मुंबई इलाख्याचा एक धागा जोडता येतो. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर येथे १८८४ चा लोकल बोर्डांचा कायदा झाला. त्यातील अंशतः निर्वाचित जिल्हा बोर्डे इंग्लंडमधील काउंटी कौन्सिलांहून वयाने वडील ठरतात. मात्र त्यांचे अध्यक्षपद कलेक्टराकडे होते. दोन्हीकडे प्रतिनिधी आले ते पट्टीचा भार वाहण्यासाठी आधी आणि निर्णय घेण्यासाठी नंतर.

तात्पर्य, स्थानिक स्वराज्याचा इतिहास केवळ निवडणुकांच्या सनावळीतून हाती लागत नाही. पगारपत्रके, इमारतींचे ठराव आणि अनुदानाच्या अटी वाचल्यावाचून सत्ता कोठे होती याचे उत्तर मिळत नाही.