पर्यटन-खर्च, छत्रपती संभाजीनगर परिसरातील

प्रवासी आपल्या सहलीचा पैसा प्रवासभाडे, निवास, भोजन, प्रवेशमूल्य व खरेदी या बाबींत विभागतो. किंमती बदलल्या की ही विभागणीही बदलते. ॲल्फ्रेड मार्शल याने १८९० मध्ये विशद केलेल्या मागणीच्या लवचिकतेचा प्रत्यय छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील पर्यटनाच्या इतिहासात येतो. शहरापासून वेरूळ सु. ३० किमी., तर अजिंठा सु. १०० किमी. दूर असल्याने येथे अंतराचा खर्च प्रारंभापासून महत्त्वाचा ठरला.

अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये जॉन स्मिथ या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेने नांदगावास उतरून टांग्याने वेरूळ-औरंगाबादकडे येण्याचा प्रघात होता. सवड व संपत्ती असणाऱ्यांनाच तो परवडे. १९०० च्या सुमारास हैदराबाद–मनमाड मीटरमापी लोहमार्ग सुरू होऊन हा खर्च व शीण कमी झाला. तथापि मुंबईच्या प्रवाशास मनमाडला गाडी बदलावी लागे. १९९० च्या दशकातील रुंदमापी परिवर्तनाने ही अडचणही दूर झाली.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना १९७५ मध्ये झाली आणि १९८३ मध्ये अजिंठा व वेरूळ यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. पुढे प्रवेशमूल्य हा चर्चेचा विषय बनला. एप्रिल २०१६ पूर्वी या लेण्यांसाठी भारतीयांस १० रु. व परदेशीयांस २५० रु. आकार होता. त्या वर्षी तो अनुक्रमे ३० व ५०० रु. आणि २०१८ मध्ये ४० व ६०० रु. झाला. रोखीविना शुल्क भरणाऱ्यांस अनुक्रमे ५ व ५० रु. सूट ठेवण्यात आली. पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य असून सार्क व बिमस्टेक देशांच्या नागरिकांना भारतीयांचाच दर लागू आहे. त्यामुळे श्रीलंका वा थायलंडमधील बौद्ध यात्रेकरूस ४० रु., तर जपानी यात्रेकरूस ६०० रु. पडतात.

प्रमाणाच्या दृष्टीने भारतीयांवरील वाढ चौपट, तर परदेशीयांवरील अडीचपटीहून कमी आहे. प्रत्यक्ष रकमेचे चित्र मात्र उलट दिसते. दोन्ही लेणी पाहणाऱ्या परदेशी दांपत्यास २,४०० रु., तर भारतीय दांपत्यास १६० रु. लागतात. दूरवरून आलेला प्रवासी भाडे व निवास यांवर आधीच मोठा खर्च करून बसलेला असल्याने केवळ तिकिटासाठी तो लेण्यांच्या दारातून परतण्याचा संभव कमी असतो. जवळच्या गावातून एस्‌टीने येणाऱ्या कुटुंबाच्या एकूण खर्चात मात्र तिकिटाचा वाटा मोठा असतो. म्हणून एकाच दराचा भार सर्वांवर सारखा पडत नाही.

वेळापत्रकाचाही खर्चाशी संबंध आहे. अजिंठा सोमवारी व वेरूळ मंगळवारी बंद असते. हे न जाणता आलेल्यास एक जादा मुक्काम करावा लागतो किंवा एका स्थळास मुकावे लागते. मुक्काम वाढला, की निवास व भोजन यांचा वाटा वाढतो आणि खरेदीस थोडेच उरते.

खरेदी ही टाळता येण्याजोगी बाब असल्याने महागाईची झळ प्रथम तिलाच लागते. सुती-रेशमी हिमरू व पैठणचे पैठणी विणकाम यांची विक्री या उरलेल्या पैशावर बरीच अवलंबून असते. मार्च २०२० मध्ये करोना महासाथीमुळे स्मारके बंद झाली, तेव्हा तो आधारही तुटला. यावरून प्रवेशमूल्य ठरविताना केवळ तिकिटाचे उत्पन्न पाहून भागत नाही, तर विणकर, गाडीवान व खानावळवाले यांच्या पदरी काय पडते, हेही विचारात घ्यावे लागते, हे स्पष्ट होते.