शंभर मण्यांची माळ

जपमाळेत 108 मणी असतात हे आपल्याला आजीमुळे माहीत असतं. 1865 च्या जानेवारीत डेहराडूनहून निघालेल्या एका शाळामास्तराच्या माळेत मात्र 100 च होते. आठ मणी मुद्दाम कमी. कारण हा माणूस जप करत नव्हता, पावलं मोजत होता.

मास्तरांचं नाव नैनसिंह रावत. गाव मिलम, कुमाऊंच्या जोहार खोऱ्यातलं अगदी टोकाचं, त्याच्या पलीकडे फक्त खिंडी आणि तिबेट. ब्रिटिशांना तिबेटचा नकाशा हवा होता आणि गोऱ्या माणसाला तिथे बंदी होती. मग सर्वे ऑफ इंडियाच्या कॅप्टन माँटगोमरीने सीमेवरचीच माणसं शिकवून पाठवायची युक्ती काढली. नैनसिंह आणि त्यांचा चुलतभाऊ मणिसिंह 1863 मध्ये डेहराडूनला दाखल झाले.

तिथे त्यांना काय शिकवलं? तर चालायला! चढ असो, उतार असो, पाऊल एकाच मापाचं पडलं पाहिजे. मैलाला सुमारे 2000 पावलं. शंभर पावलं झाली की एक मणी पुढे, पूर्ण माळ म्हणजे पाच मैल. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या कागदाऐवजी नोंदींची चिठ्ठी, कवड्यांमध्ये पारा, पेटीच्या चोरकप्प्यात सेक्स्टंट. पाणी किती तापमानाला उकळतं ते बघून उंची काढायची. आपल्या भाषेत सांगायचं तर सेन्सर, काउंटर आणि लॉगफाईल, सगळं एका यात्रेकरूच्या वेषात. बॅकअप नाही. पकडलं गेलं तर डोकं जाणार, एवढंच.

हे सगळं पुस्तकात वाचलं होतं. पण वाचणं वेगळं. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये लेक आणि चिरंजीव यांना घेऊन (खरं तर त्यांनीच मला घेऊन, कारण जड सॅक त्यांच्याकडे होत्या) मुन्स्यारीहून मिलमला चालत गेलो. लीलम, बोगुडियार, रिलकोट असे मुक्काम. गोरीगंगेच्या घळीतून वाट जाते. नदीचा आवाज इतका की पुढच्याला हाक ऐकू जात नाही. सह्याद्रीत आपण एका दिवसात चढून उतरून रात्री वडापाव खायला घरी असतो. इथे तीन दिवस चालूनही आपण दरीच्या तळाशीच. सीमेकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम तेव्हा चालू होतं, मधूनच सुरुंगाचा आवाज यायचा.

रिलकोटच्या पुढे दरी रुंद होते आणि चालणं जरा माणसात येतं. तिथे लेकीने टूम काढली, आपण मोजून बघू. तिच्या घड्याळात जीपीएस होतं. एक मैल, तिघांनी मनात मोजायचं. तिची पावलं आली 2310, माझी 2480. चिरंजीव 1100 पर्यंत गेले, मग समोरून मेंढपाळ आला, 'नमस्ते, कहाँ से?' झालं आणि आकडा गेला. "बाबा, आणि हा माणूस लोकांशी बोलत बोलत मोजायचा?" हो, तोच तर मुद्दा आहे. कुणी जवळ आलं की नैनसिंह मोठ्याने जप सुरू करत. जप करणाऱ्याशी कोण बोलणार!

असे ते बाराशे मैल चालले. सुमारे 25 लाख पावलं. काठमांडूमार्गे, लडाखी व्यापाऱ्यांच्या काफिल्यासोबत, 1866 च्या जानेवारीत ल्हासा. पैसे संपले तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांना हिशेब ठेवायला शिकवून पोट भरलं. (मास्तर तो मास्तरच.) ल्हासाचं नकाशावरचं नेमकं ठिकाण जगाला पहिल्यांदा कळलं ते त्यांच्यामुळे. पण अहवालात नाव नाही, नुसतं 'पंडित'. नाव उघड झालं ते खूप नंतर, आणि 1877 मध्ये रॉयल जिओग्राफिकल सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं.

मला मात्र जास्त आठवतो तो त्यांचा भाऊबंद किशनसिंह. सांकेतिक नाव ए.के. 'कृष्णा'च्या इंग्रजी स्पेलिंगचं पहिलं आणि शेवटचं अक्षर उलटं केलेलं. पासवर्ड म्हणून आज कुठलीही सिस्टीम नाकारेल, पण चाललं. 1878 ते 1882, चार वर्षं, पार गोबीच्या कडेला तुन्हुआंगपर्यंत. एकदा दरोडेखोरांच्या भीतीने काफिल्याबरोबर घोड्यावर बसावं लागलं, तर या गृहस्थाने घोड्याच्या उजव्या पुढच्या पायाच्या टापा मोजल्या! चार वर्षांनी फाटक्या कपड्यांत घरी आले तेव्हा कळलं, एकुलता एक मुलगा मधल्या काळात वारला होता.

हे मी बुर्फूच्या मुक्कामी चुलीपाशी सांगितलं. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी दोघंही माझ्या फार पुढे गेली नाहीत.

मिलम अकरा हजार फुटांच्या वर आहे. एके काळी काही शे कुटुंबांचं, खोऱ्यातलं सर्वांत मोठं गाव. उन्हाळ्यात वर, हिवाळ्यात खाली असा शौकांचा रिवाज. धान्य, गूळ, कापड मेंढ्याबकऱ्यांच्या पाठीवर लादून ऊंटाधुरा खिंडीतून तिबेटातल्या ग्यानिमाच्या बाजारात न्यायचं, मीठ आणि लोकर आणायची. याच येण्याजाण्यामुळे नैनसिंहांना तिबेटी भाषा येत होती, आणि म्हणूनच ते माँटगोमरीच्या कामाचे. 1962 च्या युद्धानंतर खिंड बंद झाली, व्यापार संपला आणि गाव रिकामं होत गेलं. नकाशामुळे हे झालं असं मी म्हणणार नाही, इतकं सरळ गणित नसतं. पण ज्या मुलखात मीठ आणि नातीगोती चालत होती तिथे आधी अंश आणि कला आले, मग रेषा आली, मग चौकी. पहिले अंश मोजणारा या गावचा होता, हे तिथे उभं राहिल्यावर डोक्यातून जात नाही.

आता घरांना छपरं नाहीत. भिंती उभ्या, आत बिच्छूघास छातीएवढं वाढलेलं. काही चौकटींवर कोरीव काम अजून शाबूत आहे. उन्हाळ्यात थोडी कुटुंबं बटाटे लावायला येतात, आम्ही गेलो तेव्हा बहुतेक खाली उतरली होती. एका म्हाताऱ्या बाईंनी मिठाचा चहा दिला. चिरंजीवांनी विचारलं, "आजी, मुलं कुठे असतात?" एक लखनऊला बँकेत, दुसरा डेहराडूनला. "सर्वे में," त्या म्हणाल्या, आणि चूल फुंकायला वळल्या.