इलेक्ट्रॉनिक शब्दकोश (हातातील उपकरण)

इलेक्ट्रॉनिक शब्दकोश म्हणजे एक किंवा अनेक शब्दकोशांचा मजकूर साठवून तो कळफलक, लेखणी किंवा आवाजाच्या साहाय्याने शोधून दाखवणारे, हातात मावणारे उपकरण होय. व्यापक अर्थाने याच कामासाठी वापरले जाणारे हस्तसंगणक (पीडीए), खेळाची उपकरणे आणि स्मार्टफोन यांचाही त्यात समावेश होतो. संपूर्ण वाक्याचे भाषांतर करणारे यंत्र आणि इलेक्ट्रॉनिक शब्दकोश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले तयार उत्तर देते. दुसरे शब्दाचे अर्थ, व्याकरण आणि उदाहरणे समोर ठेवून निवड वाचकावर सोपवते. भाषा शिकणाऱ्यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे.

या उपकरणांचा सर्वाधिक प्रसार जपान, तैवान, हाँगकाँग, चीन आणि दक्षिण कोरिया येथे झाला. जेथे चित्रलिपी वापरली जाते तेथे शब्द छापील कोशात शोधणे वेळखाऊ असल्याने त्यांची गरज अधिक तीव्र होती.

इतिहास

१९७० च्या दशकाच्या अखेरीस खिशात मावणारी पहिली शब्दयंत्रे बाजारात आली. अमेरिकेतील लेक्सिकॉन एलके-३००० आणि क्रेग एम१०० या यंत्रांत भाषेनुसार बदलता येणारे संच बसवता येत असत. जपानमध्ये शार्प कंपनीने १९७९ मध्ये आयक्यू-३००० हे इंग्रजी-जपानी यंत्र विक्रीस आणले, तर कॅसिओचे टीआर-२००० हे १९८१ मध्ये आले. ही यंत्रे गणकयंत्रासारखी दिसत. एका ओळीच्या पडद्यावर एका शब्दाला एखादा प्रतिशब्द दिसे आणि शब्दसंख्या काही हजारांपुरती मर्यादित असे. त्यांना शब्दकोशापेक्षा शब्दयादी म्हणणे अधिक योग्य ठरेल.

शब्दयादीपासून शब्दकोशाकडे झालेला बदल स्मृतीची किंमत उतरल्यामुळे शक्य झाला. १९८७ मध्ये इवानामी प्रकाशनाच्या 'कोजिएन' या जपानी कोशाची सीडी-रॉम आवृत्ती निघाली. तिच्या रचनेतून पुढे ईपीविंग हे कोशांचे सामायिक स्वरूप विकसित झाले आणि १९९६ मध्ये त्यावर आधारित जपानी औद्योगिक मानक ठरले. सोनीने १९९० मध्ये आणलेल्या डेटा डिस्कमन या उपकरणात ८ सेंटिमीटर व्यासाच्या तबकड्या घालून कोश वाचता येत. सेइको इन्स्ट्रुमेंट्सच्या १९९२ मधील टीआर-७०० मध्ये केंक्यूशा प्रकाशनाच्या इंग्रजी-जपानी आणि जपानी-इंग्रजी कोशांचा छापील आवृत्तीतील मजकूर सबंध घेतलेला होता. प्रतिष्ठित छापील कोश जसाच्या तसा खिशात मिळू लागल्यानंतरच शिक्षक आणि व्यावसायिक भाषांतरकार या उपकरणांकडे गांभीर्याने पाहू लागले.

कॅसिओची एक्स-वर्ड मालिका, कॅननची वर्डटँक, शार्पची पापिरस व नंतरची ब्रेन या मालिकांनी पुढील काळात बाजार व्यापला. तैवानमध्ये बेस्टा आणि हाँगकाँगमध्ये इन्स्टंट-डिक्ट ही नावे घराघरांत पोहोचली होती. जपानमधील वार्षिक विक्रीने २००७ च्या सुमारास २८ लाख नगांच्या आसपास उच्चांक गाठला. त्यानंतर स्मार्टफोनमुळे ती घसरत गेली आणि मार्च २०१५ अखेर सेइको इन्स्ट्रुमेंट्सने हा व्यवसाय बंद केला. उरलेला बाजार मुख्यतः शालेय विद्यार्थ्यांचा राहिला.

वाहिलेल्या उपकरणांच्या जोडीने सर्वसाधारण हस्तसंगणकांचाही एक प्रवाह होता. शार्पच्या लिनक्सवर चालणाऱ्या झॉरस एसएल-सी मालिकेत कोश आधीच बसवलेले असत. २००४ मधील एसएल-सी३००० मध्ये ४ जीबीची हार्ड डिस्क असल्याने विकत घेतलेले ईपीविंग कोश त्यात उतरवून वापरता येत. चिनी भाषेचा प्लेको हा कोश पाम हस्तसंगणकांवर सुरू झाला आणि पुढे आयफोन व अँड्रॉइडवर आला. निंटेंडोने एप्रिल २००६ मध्ये आपल्या डीएस या खेळाच्या यंत्रासाठी 'कांजी सोनोमामा राकुबिकी जितेन' हा कोश प्रसिद्ध केला. त्यात पडद्यावर लेखणीने अक्षर काढले की ते ओळखले जाई. मुळात जपानी ग्राहकांसाठी असलेला हा कोश जपानी शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांनीही मोठ्या प्रमाणावर वापरला, कारण ज्या अक्षराचा उच्चार माहीत नाही ते शोधण्याचा तो स्वस्त मार्ग होता.

कोशाचा मजकूर

जाहिरातींत उपकरणातील कोशांची संख्या ठळकपणे दिली जाते. निवड करताना मात्र ही संख्या फारशी उपयोगी नसते. शंभर कोश असलेल्या उपकरणात पाककृती, प्रवासातील संभाषणे आणि परीक्षेचे सराव-प्रश्न हेही 'कोश' म्हणून मोजलेले असतात. नित्य वापरात येणारे कोश बहुधा तीन-चारच असतात. ते कोणत्या प्रकाशनाचे, कोणत्या आवृत्तीचे आणि संक्षिप्त आहेत की संपूर्ण, हे पाहणे आवश्यक असते.

संक्षिप्त शब्दयादीची मर्यादा मराठीतील एका क्रियापदावरूनही स्पष्ट होते. 'लागणे' याला एकच प्रतिशब्द दिला, तर आग लागणे, भूक लागणे, नोकरी लागणे, नाद लागणे आणि ठेच लागणे या प्रयोगांपैकी बहुतेक ठिकाणी तो चुकीचा ठरतो. वारंवार वापरल्या जाणाऱ्या साध्या शब्दांनाच सर्वाधिक अर्थ असतात. म्हणून कोश पारखताना दुर्मिळ शब्द सापडतो का हे पाहण्यापेक्षा अशा साध्या शब्दाची नोंद किती विस्ताराने दिली आहे हे पाहणे अधिक उपयुक्त असते.

कोश कोणासाठी लिहिला आहे, हा दुसरा मुद्दा आहे. जपानी वाचकासाठी केलेल्या इंग्रजी-जपानी कोशात इंग्रजी शब्दाचा उच्चार दिलेला असतो, पण अर्थातील कांजी अक्षरांचे वाचन बहुधा दिलेले नसते. जपानी वाचकाला ते गृहीत असते. परदेशी विद्यार्थ्याला नेमके तेच अडते. दोन प्रतिशब्दांतील फरकाचे स्पष्टीकरणही जपानीतच असते. अशा वेळी 'उडी' या सोयीला महत्त्व येते. अर्थातील अनोळखी शब्द निवडून त्याच क्षणी दुसऱ्या कोशात त्याची नोंद उघडणे, असे तिचे स्वरूप असते. कॅननच्या वर्डटँक मालिकेतील काही उपकरणांत मेनू इंग्रजीत करता येत असे आणि त्यामुळे ती परदेशी विद्यार्थ्यांत विशेष प्रिय होती.

मुक्त परवान्याखालील कोशांनी या परिस्थितीत बदल घडवला. जिम ब्रीन यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला ईडिक्ट हा जपानी-इंग्रजी शब्दसंग्रह आणि त्यातून निर्माण झालेला जेएमडिक्ट यांवर आज अनेक मोफत उपयोजने आधारलेली आहेत. या संग्रहांत वाचन नेहमी दिलेले असते आणि नवे शब्द सतत जोडले जातात. शब्दाच्या बारीक छटा आणि संपादित उदाहरणे यांबाबत मात्र प्रकाशनसंस्थांचे कोश सरस राहिले आहेत.

शोधण्याची सोय

छापील कोशात पाने उलटून जो शब्द सापडतो, तो यंत्राला नेमक्या अक्षरांत सांगावा लागतो. शब्दाचा शेवट किंवा मधला भाग देऊन केलेला शोध, वाक्प्रचारांतील शोध, उदाहरणवाक्यांतील शोध आणि विकारित रूपावरून मूळ शब्दापर्यंत पोहोचण्याची क्षमता यांवर उपकरणाची खरी उपयुक्तता ठरते. जपानी व चिनीसाठी हस्ताक्षर ओळखणारा पडदा असल्यास अक्षराचे घटक व रेषा मोजण्याचे कष्ट वाचतात. मजकुरावरून फिरवताच शब्द वाचणारी कोशलेखणी हा याच गरजेतून निघालेला प्रकार असून चीनमध्ये शालेय विद्यार्थ्यांत तिचा बराच प्रसार झाला आहे.

देवनागरी आणि मराठी

मराठी शब्दाच्या शोधात अडचणी अनेक आहेत आणि त्यांची कारणे भाषेच्या रचनेत व लिपीच्या संगणकीय संकेतांत आहेत. विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी मराठी नामाचे सामान्यरूप होते. 'घोड्याला' किंवा 'माणसांनी' ही रूपे कोशात नसतात. त्यासाठी 'घोडा' आणि 'माणूस' येथे जावे लागते. मातृभाषक हे नकळत करतो. मराठी नव्याने शिकणाऱ्याला 'गेला' हे 'जाणे' या क्रियापदाचे रूप आहे हे ठाऊक नसते, आणि प्रत्यय काढून शोधण्याची क्षमता नसलेला कोश त्याला 'शब्द सापडला नाही' एवढेच सांगतो.

दुसरी अडचण लेखनाची आहे. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे. तीत क्रियापदे 'करणें', 'जाणें' अशी अनुस्वारासह आहेत. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर असे अनुस्वार गेले. जुन्या मजकुराचे अंकीकरण जसेच्या तसे झाले असेल आणि शोधयंत्रणा अनुस्वाराकडे दुर्लक्ष करत नसेल, तर आजच्या लेखनाप्रमाणे टंकलेला शब्द कोशात असूनही मिळत नाही.

तिसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. 'ॲ' या अक्षरासाठी युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेत २००८ मध्ये आला. त्यापूर्वी ते 'अ' ला चंद्र जोडून लिहिले जाई. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. 'ऱ्या' मधील अर्ध्या 'र' चीही दोन प्रकारे नोंद आढळते. शिवाय मराठी वर्णमालेत 'क्ष' आणि 'ज्ञ' शेवटी येतात, तर संकेतांच्या नुसत्या क्रमाने मांडणी केल्यास ते अनुक्रमे 'क' आणि 'ज' खाली जातात. 'क्षमा', 'ज्ञान', 'ॲलर्जी' आणि 'सुधारणाऱ्या' हे चार शब्द शोधून पाहिले, तर मराठी कोश असलेल्या कोणत्याही उपयोजनाची प्राथमिक परीक्षा होते.

मोल्सवर्थ यांचा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई अंकीय कोशांच्या प्रकल्पात उपलब्ध आहेत, आणि मराठीतील अनेक कोश एकत्र शोधण्याची सोय 'बृहद्‌कोश' या संकेतस्थळावर आहे. ही साधने आंतरजालावर अवलंबून आहेत. त्यामुळे मराठीच्या अभ्यासकासाठी उपकरण म्हणजे व्यवहारात स्मार्टफोन किंवा टॅबलेटच ठरतो, आणि प्रश्न उरतो तो जोडणी नसलेल्या ठिकाणी वापरता येईल असा कोश त्यात आधी उतरवून घेण्याचा.

उपकरणाची निवड

वाहिलेल्या उपकरणाच्या बाजूने तीन गोष्टी सांगितल्या जातात. ते उघडताच सुरू होते. कृष्णधवल पडद्याची उपकरणे साध्या विजेरीवर शंभराहून अधिक तास चालत आली आहेत. आणि त्यात संदेश किंवा खेळ लक्ष विचलित करत नाहीत. शेवटचे कारण शिक्षक व पालक अधिक देतात, विद्यार्थी क्वचितच. याउलट त्यातील मजकूर खरेदीच्या दिवशीच गोठतो. परवाना उपकरणाशी बांधलेला असल्याने कोश दुसऱ्या यंत्रात नेता येत नाही, आणि यंत्र बिघडले की त्यातील कोशही हातचे जातात. जुने उपकरण स्वस्तात घेताना बिजागरी, पडद्यावरील मृत रेषा आणि कळांचा दाब तपासावा लागतो. बंद झालेल्या मालिकांचे सुटे भाग मिळणे कठीण असते.

स्मार्टफोनवरील कोशाची किंमत कमी आणि मजकूर अद्ययावत असतो. मात्र मोफत उपयोजनांत मजकुराचा स्रोत अनेकदा सांगितलेला नसतो. काही उपयोजने 'शब्दकोश' या नावाखाली यंत्रभाषांतराचे उत्तर दाखवतात. विमानस्थितीत फोन ठेवून शब्द शोधला की कोश फोनमध्ये आहे की नाही हे लगेच कळते.

पुण्यात जपानी भाषेच्या शिक्षणाची जुनी परंपरा आहे आणि जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेचे केंद्रही तेथे आहे. अशा विद्यार्थ्याला जपानी-मराठी कोश असलेले यंत्र बाजारात सहज मिळत नाही, म्हणून तो जपानी-इंग्रजी मार्गाने जातो. प्रारंभिक पातळीवर वाचन देणारा मुक्त कोश फोनवर पुरेसा ठरतो. वृत्तपत्रे वाचू लागल्यावर किंवा भाषांतराचे काम हाती घेतल्यावर केंक्यूशासारख्या प्रकाशनाचा मोठा कोश आणि एक जपानी-जपानी कोश लागतो. अशा वेळी तयार कोशसंच असलेले उपकरण सुटे कोश स्वतंत्र विकत घेण्यापेक्षा स्वस्त पडू शकते.

परीक्षेतील नियम खरेदीपूर्वी पाहणे इष्ट असते. प्रावीण्य परीक्षेत कोणताही कोश चालत नाही. काही विद्यापीठीय परीक्षांत छापील द्वैभाषिक कोशाला परवानगी असते, पण साठवण किंवा जोडणीची सोय असलेल्या यंत्राला नसते. त्यामुळे केवळ यंत्रावर अवलंबून राहिलेल्या विद्यार्थ्याला वर्णक्रमाने छापील कोश पाहण्याचा सराव परीक्षेच्या तोंडावर करावा लागतो.