हरलेल्यांची नोंद

1883 सालच्या ऑगस्टमध्ये लंडनच्या ‘सेंट जेम्सेस गॅझेट’मध्ये लॉन टेनिसच्या स्पर्धांबद्दल एक तक्रार छापून आली. तक्रारदार होते चार्ल्स डॉज्सन. ‘अ‍ॅलिस’च्या गोष्टी लिहिणारे लुईस कॅरल ते हेच, आणि ऑक्सफर्डचे गणितीही हेच. त्यांचं म्हणणं असं, की बाद पद्धतीत पहिलं बक्षीस योग्य हाती पडतं, दुसऱ्याचं मात्र काही खरं नाही. 32 खेळाडूंत जो खरोखर दुसऱ्या क्रमांकाचा, तो विजेत्याच्याच अर्ध्या भागात आला तर अंतिम फेरीआधीच बाद होतो. त्याच्यासाठी उरलेल्या 31 जागांपैकी पलीकडच्या अर्ध्यात 16च असतात. म्हणजे त्याला न्याय मिळण्याची शक्यता निम्म्याहून जेमतेम जास्त.

संगणकाच्या रोजच्या एका कामाचं एक मूळ या तक्रारीपर्यंत जातं. काम असं : क्रमाने लावलेल्या अनेक याद्या घ्यायच्या आणि त्यांची मिळून एकच क्रमवार यादी करायची. यालाच ‘मर्ज’ म्हणतात.

या कुळाची दुसरी शाखा कार्डांची. अमेरिकेत 1935 साली सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला आणि सुमारे 2 कोटी 60 लाख कामगारांच्या नोंदी ठेवायची वेळ आली. त्या कामासाठी आयबीएमने 1937 साली ‘077 कोलेटर’ हे यंत्र आणलं. भोकं पाडलेल्या कार्डांचे दोन क्रमवार गठ्ठे त्यात ठेवायचे. यंत्र दोन्हीकडचं समोरचं कार्ड ताडून पाही, लहान क्रमांकाचं पुढे सोडी, आणि त्याच गठ्ठ्यातलं पुढचं कार्ड समोर येई. गठ्ठे आधीच लावलेले असल्याने सगळ्यात लहान कार्ड या दोघांपैकीच एक असणार. बाकीच्या कार्डांकडे बघायचं कारणच नाही.

1945 साली जॉन फॉन नॉयमन यांनी एडव्हॅक या अजून न बांधलेल्या संगणकासाठी हाताने एक प्रोग्रॅम लिहिला. त्यासाठी त्यांनी निवडलं ते हेच काम, मर्ज करत करत क्रम लावण्याचं. संगणक नुसता आकडेमोडीचा नाही हे त्यांना दाखवायचं होतं, आणि तुलनेला कार्डांची यंत्रं समोर होतीच.

पुढे चुंबकीय फिती आल्या. 1951 साली बेटी हॉल्बर्टन यांनी युनिव्हॅकसाठी असा प्रोग्रॅम केला, की माहितीचं स्वरूप सांगितलं की क्रम लावून मर्ज करणारा प्रोग्रॅम तो स्वतःच लिहून देई. फीत ओळीने वाचावी लागते, मधेच उडी मारता येत नाही. समोरचा एकच घटक मागणारं मर्ज तिला अगदी जुळलं.

आता गठ्ठे दोनाचे आठ झाले तर? दर वेळी आठही तोंडं ताडून पाहायची म्हणजे एका घटकामागे 7 तुलना. हजार याद्या असतील तर 999. आणि यातल्या बहुतेक तुलना आपण मघाशीच केलेल्या असतात, करून विसरलेल्या असतात.

इथे डॉज्सन यांची तक्रार कामी येते. आठ तोंडांची बाद पद्धतीची स्पर्धा झाडासारखी फाटे पाडून लावा, लहान तो विजयी. विजेता बाहेर पडला की त्याच्या जागी त्याच यादीतला पुढचा घटक बसतो. तो ज्या वाटेने वर जाणार, त्या वाटेवरचेच सामने फिरून खेळायचे. बाकीचे निकाल कायम. आठांसाठी 3 सामने पुरतात, हजारांसाठी 10.

1964 साली इंग्लंडमधल्या एलियट ब्रदर्स कंपनीतल्या जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी ‘हीप’ मांडला. हीप म्हणजे ढीग, पण हा शिस्तीचा ढीग. घरं एका ओळीत, आणि ‘न’ क्रमांकाच्या घराची मुलं 2न आणि 2न+1 या क्रमांकांच्या घरांत. आई-मुलांचं नातं वेगळं लिहून ठेवावं लागत नाही, क्रमांकच ते सांगतो. आई मुलांपेक्षा मोठी नसावी एवढा नियम पाळला, की सगळ्यात लहान घटक कायम पहिल्या घरात सापडतो. मर्जला दर वेळी सगळ्यात लहान घटकच हवा असतो, म्हणजे त्याला लागते ती प्रायॉरिटी क्यू, अग्रक्रमाची रांग. तिच्यात कोण आधी आला याला महत्त्व नाही, कोणाचा मान आधी याला आहे. अशी रांग बांधायची सर्वांत परिचित रीत हीपचीच. तुलना थोड्या वाढतात, मांडणी मात्र फार सोपी होते.

स्पर्धेचं झाडही मागे पडलं नाही. डोनाल्ड कनुथ यांच्या 1973 सालच्या ग्रंथात त्याचं एक सुरेख रूप आहे, हरलेल्यांचं झाड. त्यात प्रत्येक फाट्यावर सामना हरलेल्याचं नाव राहतं. वर चढणाऱ्या नव्या घटकाला नेमकी त्याच्याशीच गाठ घालायची असते, म्हणून एका पायरीला एकच तुलना पुरते.

आज गूगलच्या बिगटेबलसारख्या माहितीसाठ्यांत क्रमवार फायली सतत मर्ज होत असतात. आणि डॉज्सन यांच्या तक्रारीचं उत्तरही या झाडात आहे : दुसऱ्या क्रमांकाचा शोध विजेत्याकडून हरलेल्यांतच घ्यायचा असतो, आणि तो घेता यावा म्हणून कोण कोणाकडून हरलं हे लिहून ठेवावं लागतं. टेनिसच्या मैदानावर डॉज्सन यांना खुपलेला अन्याय या झाडात उरत नाही. इथे पहिला निघून गेला, की लगेच खऱ्या दुसऱ्याचीच पाळी येते.