छायाचित्र-संक्षेपण

छायाचित्रातील तपशील कमी करून ते थोड्या जागेत मावविण्याची क्रिया. ही कल्पना संगणकापूर्वीची आहे. त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेले व १९१३ मध्ये चित्रपटनिर्मिती नाशिकला हलविणारे दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी तत्पूर्वी छायाचित्रण, ठसे तयार करणे व मुद्रण या कला आत्मसात केल्या होत्या. हाफटोन ठशात छायाचित्रातील अखंड छटा लहानमोठ्या ठिपक्यांत विभागतात. शाई एकच असते, करड्या छटांचा भास डोळाच निर्माण करतो.

डोळ्याच्या अशाच मर्यादेवर अंकीय संक्षेपण आधारलेले आहे. बंगलोर येथे जन्मलेले नासीर अहमद यांनी नटराजन व राव यांच्यासमवेत १९७४ मध्ये विविक्त कोज्या रूपांतर प्रसिद्ध केले. १९९२ च्या जेपेग मानकात चित्राचे ८ × ८ चित्रबिंदूंचे चौकोन पाडून प्रत्येकावर हे रूपांतर करतात आणि नजरेस सहसा न जाणवणारे सूक्ष्म फेरफार स्थूल अंकांत मांडतात किंवा वगळतात. ‘संक्षेपण’ ही संज्ञा त्यामुळे काहीशी फसवी आहे; चित्र केवळ आखडत नाही, त्यातील काही भाग कायमचा जातो. संपादन करून पुनःपुन्हा जतन केल्यास ही हानी वाढते. जुन्या छायाचित्रांची मूळ अंकीय प्रत म्हणून हानिरहित स्वरूपात ठेवतात व पाठविण्यासाठी तीवरून लहान प्रत काढतात.